ओंजळभर जास्तीचा गूळ

अशी जवळ ये गो, जुनी मैत्रीण ना तू माझी, उंबऱ्यावर काय बसतेस पाहुण्यासारखी? इतक्या महिन्यांत एक फोन नाय तुझा — ते राहू दे. आज सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाय. नवऱ्यालासुद्धा.

आमच्याकडे, गडब गावात, नैवेद्य चाखत नाहीत, तुला ठाऊक आहे. मोदकांचं सारण नुसत्या अंदाजानं करायचं. ते माझी थोरली सून करायची, सुनीता, माहेर वरशाचं. एका गणपतीत ती मागल्या दारी गेली, आणि मी — कसं सांगू? — चिमूटभर तोंडात टाकलं. देवाच्या आधी. मला गोडच लागेना. वाटलं, पोरीचा हात चुकला. चुलीवरच्या सारणात वरून गूळ घातला, चांगला ओंजळभर.

पंगतीत मोदक कुणाच्या घशाखाली उतरेना. नणंद म्हणाली, "वरशाला गुळाची खाण हाय काय गो?" सगळे हसले. सुनीता आपल्या हाताकडे बघत राहिली. आणि मी? मी वरण वाढत राहिले.

पुढल्या वर्षी सारण धाकटीकडे गेलं. सुनीता आता त्या दिवशी भांडी घासते.

मग माझी साखर निघाली. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी गोड बंद केलं, चहासुद्धा फिका. दोनेक महिन्यांनी नुसता भात चावत होते — आणि तो गोड लागला गो. आमच्याच शेतातला, जन्मभर खाल्लेला. घास तोंडात धरून मी तशीच बसून राहिले. मग दूध गोड, पांढरा कांदा गोड. बाई म्हणाल्या, रक्तात साखर वाढलेली आणि वर सतत गोड खाणं, की जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या बारीक कळ्या मंदावतात; खाणं बदललं की पुन्हा जाग्या होऊ शकतात. एवढीशी जीभ, आणि तिला रक्ताची खबर? केवढं काम चाललेलं असतं आपल्या तोंडात, आपल्याला न विचारता. अजून घास घेताना मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं.

पण त्याच घासाला कळलं — सुनीताचं सारण बरोबर होतं. इतकी वर्षं मनाशी म्हणायचे, आधी तिचंच चुकलं, मी तर सावरायला गेले. तेवढा आडोसा होता, तोही गेला. गूळ घातला तो मंदावलेल्या जिभेपायी, असेल. पंगतीत गप्प बसायला मला साखरेनं सांगितलं नव्हतं.

तिला हसले चारचौघांत, तर सांगणंही चारचौघांतच. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय, तूही ये गो, उशीर करू नको. सुनीता घरी असते.