फक्कीच्या भिंती

अख्ख्या पांढुर्ण्यात भिंती नसलेल्या घराला कडी लावून बाहेर पडणारा माणूस एकच आहे, आणि तो तुमच्या आजोबांचा मावसभाऊ आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते. पुढच्या वेळी तुम्ही याल तेव्हा पहिल्याच संध्याकाळी ते तुम्हाला आपलं घर दाखवायला नेतील. तिथे गोंधळ होऊ नये, म्हणून आधीच लिहून ठेवते.

भाऊजींचं बाजारात कापडाचं दुकान होतं. आता ते त्यांचा मुलगा चालवतो, पण कापड मोजायचा लोखंडी मीटर काही त्यांनी मुलाच्या हाती दिला नाही. तो काखेत धरून ते गावभर फिरतात. कुणाकडे चहाला गेले की आधी घराच्या जोत्याला मीटर लावतात आणि मग चप्पल काढतात. जोतं ठेंगणं निघालं तर चहा उभ्याउभ्याच पितात. लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाच्या बापाला बाजूला घेऊन ‘घर नदीपासून किती वर हाये?’ असं विचारतात, आणि उत्तर पटेपर्यंत अहेराचं पाकीट खिशातून निघत नाही. त्यांची स्कूटर विटांवर उभी असते, तांदळाचा डबा कपाटावर असतो. बोरगावला त्यांच्या भाचीचं घर चांगलं टेकडावर आहे, तिथेही त्यांनी पलंगाखाली विटा लावून दिल्या. भाची हसली तर म्हणाले, “हस बाप्पा. पाणी का सांगून येते?”

हे वेड त्यांना नदीने लावलं. माझी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, लग्न झाल्यापासून दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. तिच्या ओट्यासमोर खिडकी आहे, पण खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत आहे. तिने आयुष्यात नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. पोळ्या लाटताना मान वर केली तर काहीतरी दिसावं. भाऊजींनी एका उन्हाळ्यात जाम नदीच्या काठी प्लॉट घेतला. नदी तेव्हा गोट्यांमधून वाट काढणारी एक बारीक धार होती, पलीकडे सावरगावची कौलं उन्हात दिसत होती. जाऊ पदर खोचून उभी राहिली आणि बोट दाखवून म्हणाली, “खिडकी अशी पाह्यजे.” त्या दिवशी तिचा चेहरा नव्या नवरीसारखा दिसत होता.

मग भाऊजी घराचा नकाशा मंजूर करायला कचेरीत गेले. तिथे कळलं की प्लॉट पूररेषेच्या आत आहे. नदी फुगली की जिथवर पोचते ती ही रेषा, आणि तिच्या आत बांधायला मनाई. झाडं लावा, भाजी लावा, पण भिंत नाही. भाऊजी तडक माझ्याकडे आले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, आणि इंग्रजी येणाऱ्याला सरकारचं मन कळतं अशी त्यांची समजूत आहे. मी त्यांना शांतपणे सांगितलं, की पुराच्या पाण्याला पसरायला जागा लागते. आपण तिथे घर बांधलं तर घर तर बुडतंच, शिवाय अडलेलं पाणी दुसऱ्याच्या दारात जातं. भाऊजींनी काखेतला मीटर मांडीवर आडवा ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे ते नदीची ओसरी हाये म्हणा की. पावणे आले का ते तिथं हातपाय पसरते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लॉटवर घर बांधलं. फक्की, म्हणजे मैदान आखायची पांढरी भुकटी, आणली आणि मीटर लावून बैठक, देवघर, स्वयंपाकघर, सगळं जमिनीवर आखलं. “नियम भिंतीले हाये, वहिनी. रेघेले नाही.” मी पहिल्यांदा गेले तेव्हा सरळ चालत बैठकीत शिरले. भाऊजी दचकून उठले. “काहून वहिनी, भिंतीतून येऊन राहिल्या? दार तिकडं हाये!” मी फिरून दाराने आले. आयुष्यभर मुलींना शिस्त शिकवली, त्या दिवशी मलाच शिकावी लागली. तिथे संध्याकाळी सतरंजीवर बसलं की खरंच आत बसल्यासारखं वाटतं. सावरगावचे दिवे एकेक करून लागतात, वारा पडदे नसलेल्या खिडकीतून येतो, आणि बोलता बोलता आवाज आपोआप खाली येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांमधली दगडफेकीची जत्रा, बघायला सगळा गाव नदीवर लोटतो आणि लोक खुशाल बैठकीतून आरपार जातात. भाऊजी हात जोडून दारात उभे असतात. “या, या. चपला बाहेर काढा.” कोणी काढत नाही.

त्या घरात एकच माणूस येत नसे. माझी जाऊ. “विटा दिसल्या का बोलवा मले,” असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. भाऊजी रोज निघताना “चलतेस का?” म्हणून विचारत, आणि ती चहाचा थर्मास हातात देऊन आत वळे. स्वयंपाकघराची खिडकी त्यांनी तिच्यासाठी चार वेळा हलवली, पण ती बघायला आली नाही.

मग एक दलाल आला. त्याने शेजारच्या प्लॉटवर कुणाला तरी बांधून द्यायला घेतलं होतं. भाऊजींनी त्याला दारातून आणून बैठकीत बसवलं. तो म्हणाला, “काकाजी, जोतं टाकून टाकू. एकदा घर उभं झालं का कोण तोडते?” भाऊजींनी मीटर उभा धरला, त्याच्या छातीशी बोट टेकवलं आणि म्हणाले, “तुम्ही जिथं बसून राहिले ना, तिथं पाणी इथवर येते. नदीची जागा हाये, आपण बसाले येतो.” दलाल गेला. ही गोष्ट जाऊला कळली. त्या दिवसापासून थर्मास बंद झाला. “अजी, साऱ्या गावाले घर भेटते,” ती मला ऐकू जाईल अशी भाऊजींना म्हणाली, “मलेच का रांगोळी?” भाऊजी मीटर घेऊन जिना उतरले. त्यांना मी इतकं हळू उतरताना कधी पाहिलं नव्हतं.

श्रावणात एके दुपारी वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला आणि नदी आली. गाव रस्त्यावर जमला. आम्हीही गेलो, आणि आश्चर्य म्हणजे जाऊसुद्धा आली. मातकट पाणी आवाज न करता पुढे सरकत होतं. शेजारच्या प्लॉटवरचं नवं जोतं बघता बघता दिसेनासं झालं, सिमेंटच्या पोत्यांसकट. भाऊजी मात्र पाहुण्याचं स्वागत करावं तसं सांगत होते. “बैठकीत आली. आता देवघर. आता तुह्या स्वयंपाकघरात गेली, पाह्य.” जाऊ कितीतरी वेळ त्या बुडालेल्या जोत्याकडे बघत होती. मग नाकाला पदर लावून म्हणाली, “पाय पुसून ये म्हणा तिले.” भाऊजींनी चमकून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदा त्या घराविषयी घर म्हणून बोलली होती.

पाणी उतरलं, ऊन पडलं, गाळ वाळला. एका संध्याकाळी मी प्लॉटवर गेले तर तिथे एकही रेघ उरली नव्हती. सपाट, मऊ, तडे गेलेली जमीन, आणि मधोमध भाऊजी, फक्कीचा डबा हातात घेऊन, कुठून सुरुवात करावी ते न कळलेले. मागून चपलांचा आवाज आला. जाऊ होती. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात पोळपाट. ती प्लॉटच्या कडेला येऊन थांबली.

“अजी, दार कुठं होतं?”

भाऊजी घाईघाईने वाकले. मीटर लावायचं विसरले. दाराच्या दोन्ही रेघा वाकड्या आल्या. तेवढं दारच फक्त काढलं, भिंती नाहीत. जाऊने चपला बाहेर काढल्या, पदर सावरला आणि दारातून आत आली. नदीकडे तोंड करून बसली, पोळपाट मांडीवर घेतला, मान वर केली. पलीकडे सावरगावचे दिवे लागायला लागले होते.

रात्री झोपायला दोघं अजून दुकानावरच्याच खोल्यांत जातात. भिंती भाऊजींनी पुन्हा आखल्या, पण ते दार तसंच वाकडं ठेवलं आहे. पावसाने पुसलं तरी ते पुन्हा वाकडंच काढतात. तुम्ही याल तेव्हा तिथूनच आत जा.