ट्रफलच्या पोटातले रहिवासी

म्हैसूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी काम करते. आमचे सर नंजनगूडहून रोज रेल्वेने येत. एकदा त्यांची जुनी विद्यार्थिनी इटलीहून आली, तिने त्यांना एक ट्रफल दिलं. झाडाच्या मुळांपाशी जमिनीखाली वाढणारी अळंबीच ती, सुपारीपेक्षा थोडी मोठी, काळी, खरबरीत. बरणी उघडली आणि लसूण, ओली माती आणि गॅस असा मिसळलेला वास खोलीभर झाला.

सरांना ते खायचं नव्हतं, आत काय आहे ते बघायचं होतं. बाहेरचे जंतू मरावेत म्हणून आम्ही ते स्पिरिटने पुसलं, कोणी उरलंय का ते कळायला त्याची साल जंतूंचं खाद्य ओतलेल्या एका प्लेटवर टेकवली. मग ते कापून अगदी मधले तांदळाएवढे तुकडे दुसऱ्या प्लेट्सवर ठेवले. चार दिवसांनी तुकडे उचलले, कडेला उगवलेलं तेवढं नव्या प्लेट्सवर घेतलं. ट्रफल, तुकडे, सगळं दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून टाकून दिलं.

आठवड्याने दुपारी प्लेट्सचं कपाट उघडलं आणि मी मागे सरले. जवळजवळ तोच वास. सालीची प्लेट कोरी होती. नव्या प्लेट्सवर मात्र सायीसारखे पांढरे ठिपके. सूक्ष्मदर्शकाखाली ट्रफलचे धागे दिसेनात. यीस्टच्या गोल पेशी होत्या, एकीतून दुसरी फुटत असलेल्या.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग हळू म्हणाले, "हे बाहेरून आलेलं नाही. हे आतच राहत होतं."

मी तीनदा हात धुतले. तरी घरी दार उघडताच आई स्वयंपाकघरात गेली, गॅसचा नॉब तपासून आली. वास येतोय म्हणाली. ट्रफलला तर मी आठवडाभर शिवले नव्हते. मी सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसून ऐकत होती.

"वाससुद्धा त्यांचाच, अल्वा?" घरच्या मराठीत कन्नडचं 'अल्वा', म्हणजे 'हो ना', मिसळत तिने विचारलं. "मग त्या गड्ड्याचं स्वतःचं काय होतं ग?"

मी उठून पुन्हा एकदा हात धुतले.

सर आता निवृत्त झालेत. ते ठिपके मी एका नळीत जपलेत, दर काही महिन्यांनी ताज्या खाद्यावर हलवते. अलीकडे त्या ठिपक्यांचा वास येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघते, तर ते जिवंत आहेत, वाढतायत. वास का थांबला, ते मला कळलेलं नाही. नळी उघडताना मी अजून श्वास रोखते.