साठे? आले!

सुरुवातीलाच सांगते, मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. भूत, चकवा, दृष्ट, उतारा यातलं काहीही माझ्या घरात खपवून घेतलं जात नाही. माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या, बारशाला सासूबाईंनी दाराला काळी बाहुली बांधली होती, ती मी दुसऱ्याच दिवशी काढून कचऱ्यात टाकली. त्यावर त्यांनी बरेच दिवस अबोला धरला होता. (मला त्याचं फार दुःख झालं असं नाही.) तेव्हा हे वाचून कृपा करून कुणी "ताई, तुमच्या सोसायटीच्या जागेवर पूर्वी काय होतं?" असं विचारू नका. शेत होतं. खराडीत सगळीकडे शेतच होतं... ज्वारी कुणाच्या मानगुटीवर बसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

या पेजवरचे भुताखेताचे किस्से मी आजवर हसायला वाचत आले. आज स्वतःचा लिहायला बसलेय.

आमची खराडीतली सोसायटी दरवर्षी डिसेंबरात एक ट्रिप काढते आणि ती आखायचं काम माझ्याकडे असतं. कारण बाकीचे नुसते "कुठेही चालेल" म्हणतात आणि नंतर तक्रारी करतात. त्या वर्षी ठरलं मालवण. आख्खी बोट फक्त आमच्यासाठी! खाली जेवण, वर डेकवर गाणी आणि नाच, आणि मधे दोन तास स्नॉर्कलिंग. म्हणजे डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट, आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. बोटीच्या मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. त्यांना मी इतके फोन केले की शेवटी शेवटी ते फोन उचलल्या उचलल्या विचारायचे, "वैनी, आता काय ऱ्हवला?"

मी गणपतीत सोसायटीची नाटकं बसवते, त्यामुळे तालमीशिवाय मला चैन पडत नाही. तर स्नॉर्कलिंगचीही रंगीत तालीम झाली, आमच्याच क्लबहाउसच्या स्विमिंग पूलमध्ये. सगळ्यांना नळ्या लावून पालथं पाडलं. खुणा शिकवल्या. डोक्यावर हात ठेवला म्हणजे "मी ठीक आहे". हात उंच करून इकडून तिकडे हलवला म्हणजे "मदत". काठावर उभे असलेले आमच्या सोसायटीतले बापटकाका म्हणाले, "छान. आणि बुडाल्यावर काय करायचं, अर्ज लिहायचा का?" काका येणार नव्हते. समुद्र बघायचा झाला तर मी नकाशात बघतो, असं त्यांचं म्हणणं. माझा नवरा संदीप त्या तालमीत सगळ्यात वाईट होता. पोहता येतं त्याला, पण डावा पाय गुडघ्यात वाकवून नुसता उजवाच मारतो. मी काठावरून ओरडून थकले. तेरा वर्षांची मुक्ता मात्र मासोळीच! बापाला चिडवत त्याच्याभोवती गोल गोल फिरत होती.

आता हजेरीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्या ट्रिपमध्ये हजेरी आडनावाने होते. बस निघताना मी ओरडते, "जगताप?" घरातला कुणीतरी एक ओरडतो, "आले!" "साठे?" "आले!" पटकन होतं, मजा येते, आणि वर्षानुवर्षं कुणीही मागे राहिलेलं नव्हतं. पद्धत माझीच. मला तिचा अभिमानही होता.

निघायच्या आदल्या दिवशी मी बाथरूममध्ये घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. संदीप म्हणाला, आम्हीही नाही जात. मी म्हटलं, वेडा आहेस का, पोरगी महिनाभर तयारी करतेय. हजेरीचं काम मी राजश्री जगतापकडे दिलं. राजश्री शेजारच्या फ्लॅटमधली, तिची इरा म्हणजे मुक्ताची जिवलग मैत्रीण. बस हलली तेव्हा मी बाल्कनीतून हात हलवत होते आणि मुक्ता डोक्यावर हात ठेवून "मी ठीक आहे" करत होती.

रविवारी सकाळी मी बाल्कनीत पाय स्टुलावर ठेवून मटार सोलत बसले होते. आमची बाल्कनी पहिल्या मजल्यावर, खाली बरोबर पूल. निम्मी सोसायटी ट्रिपला गेलेली, पूलला कुलूप, सगळीकडे शांत. संदीपने थोड्या वेळापूर्वी बोटीवरचा व्हिडिओ पाठवला होता. सगळे पोपटी टी-शर्टात, मुक्ता कॅमेऱ्याला जीभ दाखवतेय.

मान वर केली तर पूलमध्ये माणूस.

पालथा तरंगत होता. पोपटी टी-शर्ट, तोंडात नळी. डावा पाय गुडघ्यात वाकलेला, उजवा तेवढा चाललेला... मी मनात म्हटलंसुद्धा, "अरे, किती वेळा सांगितलं याला, दोन्ही पाय मार!" म्हणजे बघा, पहिल्यांदा मला भीतीही वाटली नाही. चिडच आली. मग मांडीवरच्या फोनकडे लक्ष गेलं. संदीप तर मालवणला आहे.

तोंड पाण्यात होतं. डावा हात बाजूला लांब केलेला, मूठ आवळलेली, त्या मुठीत कुणाचा तरी हात असावा तशी. आणि उजवा हात त्याने सावकाश पाण्याबाहेर काढला, उंच केला आणि हलवायला लागला. इकडून तिकडे. इकडून तिकडे.

"संदीप!" मी किंचाळले. खालून बापटकाका पेपर घेऊन चालले होते. "काका, पूलमध्ये बघा! पूलमध्ये!" ते जाळीपाशी गेले, वाकून बघितलं, चष्मा सारखा केला.

"काय बघू?"

"माणूस आहे हो तिथे!"

"पूल बंद आहे. पाटी लावलीय," काका म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज बदलला. "कुणी नाहीये गं तिथे. थांब, मी वर येतो."

मला तो दिसतच होता. काकांपासून चार हातांवर.

संदीपला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. राजश्रीला लावला, तेच. डेकवर गाणी चालू असणार, कुणाला ऐकू येणार? ग्रुपवर लिहिलं, "ताबडतोब फोन करा". कुणी बघेना. फोन दोनदा मटारात पडला. शेवटी भाऊंना लावला. ते किनाऱ्यावर त्यांच्या दुकानात असायचे.

"वैनी, सगळे मजेत आसत," ते म्हणाले. "पाण्यातून वर इले, बोट सुटली पण. आता वाळूच्या बेटाकडे चालली."

"सगळे वर आले? नक्की?"

"म्हणजे काय! हजेरी घेतली मा. तुमच्याच पद्धतीन. आडनावां घेवन."

आडनावाने! राजश्रीने "साठे?" म्हटलं असणार आणि संदीपने "आले!" म्हटलं असणार. न बघता. मीही नेहमी न बघताच म्हणते.

"भाऊ, बोट थांबवा. माझी मुलगी बघा. मुक्ता. एकेकाला हात लावून मोजा."

"वैनी, तुमका कोणी काय सांगला काय?"

काय सांगणार होते मी? नवरा पूलमध्ये दिसतोय म्हणून? मी ओरडले, "मी पाया पडते तुमच्या! कारण विचारू नका हो, बोट थांबवा, वेडी म्हणा मला, पण मोजा!"

ते म्हणाले, "थांबा. तांडेलाक वायरलेस लावतंय. फोन चालू ठेवा." तांडेल म्हणजे बोट चालवणारा.

फोन कानाला, डोळे पाण्यावर. तो अजून हात हलवत होता, पण आता हात जड झालेला. वर जायचा, मधेच खाली यायचा, पुन्हा वर. डावी मूठ मात्र तशीच. मी उठायला गेले आणि प्लास्टरचा पाय घेऊन जमिनीवर आपटले. तशीच सरपटत कठड्यापाशी गेले, गजांमधून तोंड बाहेर काढलं. कुठल्या देवाचं नाव घ्यायचं तेही मला सुचेना, सवयच नाही ना! मी फक्त एवढंच म्हणत राहिले, "सोडू नकोस रे. सोडू नकोस. हात सोडू नकोस तिचा."

कुणाचा हात, ते तोवर मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

फोनमधून वायरलेसची खरखर ऐकू येत होती, भाऊ कुणावर तरी ओरडत होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, "वैनी... पोरगी बोटीर नाय. बोट फिरवली हा. धीर धरा."

त्यानंतरचा वेळ मी कुणाच्या वैऱ्यालाही देणार नाही. बापटकाका कुलूप नसलेलं दार ढकलून आत आले होते. माझ्याशेजारी फरशीवर बसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून राहिले. खाली तो बुडत चालला होता. आधी पाठ पाण्याखाली गेली, मग नळी, मग फक्त उजव्या हाताचा पंजा वर. मी काकांना म्हणत होते, "काका, हात बघा, हात खाली जातोय." काका "हो, हो" म्हणत होते. त्यांना काही दिसत नव्हतं, बिचाऱ्यांना.

"गावली!" भाऊ किंचाळले. "वैनी, गावली! जित्ती आसा! बापसान उडी मारली, वर काढली!"

मी फोन खाली ठेवून पुन्हा बघितलं तर पूलमध्ये पाणी होतं. नुसतं पाणी, साधं निळं.

ते रात्री परत येईपर्यंत मी कशी बसले ते राहू दे. मुक्ता आली, माझ्या गळ्यात पडली, आणि आम्ही दोघी इतकं रडलो की शेवटी सासूबाई फोनवर म्हणाल्या, आता पुरे, पोरीला खायला घाल. मग पिठलं-भात खाता खाता तिने सांगितलं. ती माशांच्या मागे एका खडकापलीकडे गेली, प्रवाहाने ओढली गेली, मान वर काढली तर बोट निघालेली. ओरडली, हात हलवला, पण गाण्यांत कुणाला ऐकू जाईना. पाणी गार, लाटा तोंडात जात होत्या, जॅकेटचा एक पट्टा सुटलेला.

"मग बाबा आला," ती म्हणाली.

"बोट वळल्यावर?"

"नाही गं, खूप आधी. मी रडत होते तेव्हाच आला. माझा हात धरला आणि दुसरा हात वर करून हलवत राहिला. बोललाच नाही काही. एवढी रडत होते तरी 'रडू नको' पण नाही म्हणाला. त्याने धरलं नसतं ना आई, तर मी गेलेच होते."

मी संदीपकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता.

ती झोपल्यावर तो स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडला. बावीस वर्षांच्या संसारात मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मी डेकवर नाचत होतो गं. राजश्रीने 'साठे?' म्हटलं, मी 'आले' म्हटलं. मला वाटलं मुक्ता इराबरोबर खाली असेल. बोट वळेपर्यंत मला पत्ताच नव्हता. मी शेवटी उडी मारली, अगदी शेवटी, तेव्हा ती एकटी होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं."

डेकवर त्याच्याबरोबर दहाबारा जण होते. सगळे हेच सांगतात. त्या वेळचा व्हिडिओही आहे, त्यात तो नाचतोय.

आमच्या हजेऱ्या आता नावाने होतात, माणसाला हात लावून. लोक कंटाळतात, कंटाळू देत.

मी केमिस्ट्रीवाली आहे, शक्य तेवढ्या बाजूंनी विचार करून झालाय. घाबरलेल्या पोरीला भास झाला, मान्य. घरात अडकलेल्या आईलाही झाला, तेही मान्य करते. पण दोघींना एकाच वेळी, तोच वर केलेला हात आणि तीच मूठ, ते कसं? एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, मुलगी मिळाली ना, सोडून दे. बापटकाका तर तो विषयच काढू देत नाहीत.

मी सोडलंही असतं. पण मुक्ता नाही सोडत. ती शाळेत सांगते, नातेवाइकांत सांगते, बापाच्या वाढदिवसाच्या केकवर "माझं लाइफ जॅकेट" लिहून आणते. संदीप हसतो, केक कापतो आणि मग उठून बेडरूममध्ये जातो. तिला खरं सांगायचं आमच्या दोघांच्याही जिवावर येतं. सांगितलं तर ती विचारणारच ना, मग तो कोण होता?

आणि संदीप मला विचारतो. दर थोड्या दिवसांनी, भाजी आणायला जाताना, सिग्नलला थांबल्यावर, मधेच कधीही. "तू वरून नीट बघितलं होतंस ना? मीच होतो ना?"

तो हे असलं काही वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय. तो माणूस सगळा वेळ पालथा होता. मी त्याचा चेहरा पाहिलेला नाही.

मी संदीपला सांगते, "हो रे. तूच होतास."