बैलबसणीवरचा उखाणा

माझ्या आईला डोंगराचं कौतुक कधीच नव्हतं. आमचं घर औंढ्याला, मागच्या दारात उभं राहिलं की डोंगर पुढ्यातच. पण ती त्याच्याकडं बघायची ते कपडे वाळत घालायला ऊन आलं की नाही एवढ्यापुरतं. पाहुणे आले, "वर जाऊन येऊ, चांगलं दिसतं म्हणे," असं म्हणाले की आई म्हणायची, "जाऊन या बापा. दगुड बघायला कशाला जाता पण? अंगणात ढीगभर पडलेत."

बाबा बसस्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या लावायच्या, सोडायच्या, भोंग्यातून पुकारायच्या. हिंगोली, परभणी, जिंतूर, वसमत, ज्याला जिकडं जायचं त्याला तिकडं धाडायचं. साधं बोलतानाही त्यांचा आवाज भोंग्यातून आल्यासारखा. गल्लीत कुणाला वेळ विचारायची असली तर लोक घड्याळाऐवजी त्यांना विचारत आणि ते लांबच्या रस्त्यावरची गाडी बघून सांगत. पाटी वाचायच्या आधीच गाडी कुठली ते ओळखायचे, नुसत्या चालीवरून. मला लहानपणी वाटायचं, सगळ्या गाड्या माझ्या बापाच्याच आहेत.

एवढं आयुष्य डोंगराखाली गेलं, पण बाबा कधी वर चढले नव्हते. श्रावण सोमवारी सगळं गाव, सगळा मुलूख नागनाथाचं दर्शन घेऊन डोंगरावर जायचा आणि त्याच दिवशी स्टँडवर मुंगीला पाय ठेवायला जागा नसायची. जादा गाड्या, हरवलेली लेकरं, भांडणं. बाबांची ड्यूटी ठरलेली. इतर दिवशी जायचं कुणाला सुचतं?

ते रिटायर झाले आणि त्याच सालात डोळ्यांचं निघालं. नव्वदचं दशक निम्मं झालं असेल, तेव्हा आमचा जिल्हा अजून परभणीच होता. नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली जपा, म्हणाले. बाबांना समोरचं लांबचं अजून चांगलं दिसायचं, पण बाजूचं आणि पायाशी काहीच नाही. "फुंकणीतून बघितल्यागत दिसून राहिलंय," ते म्हणायचे. "आणि फुंकणी रोज बारीक होऊन राहिली."

एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "मला बैलबसणीवर जायचंय."

बैलबसणी म्हणजे डोंगरमाथ्यावरचा मोठा, सपाट खडक. तिथून खालचे सगळे रस्ते दिसतात.

"जलमभर गाड्या खालून सोडल्या," बाबा म्हणाले. "त्या वरून कशा जाऊन राहिल्या ते एकदा बघायचंय. फुंकणी बंद व्हायच्या आत."

आईनं भाकरी ताटात आपटली. "पायाखालचं दिसंना अन् डोंगर चढायचा म्हणे! उगं का? पडलात-झडलात तर कोण उचलंल? मी?"

मग आठ-पंधरा दिवस घरात तेच. बाबा हट्टी, आई त्यांच्याहून. शेवटी स्टँडसमोरच्या पंक्चरवाल्या चाचांनी तिला समजावलं. बाबांचे जुने दोस्त होते ते. दारात उभे राहून म्हणाले, "भाभी, आँख है तब तक दिखा दो. बाद में तुमीच म्हणाल, दाखवलं असतं तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशी बघितलं तर आई बाबांच्या चपलांना मागून पट्टा शिवून घेत होती. म्हटलं, चला, झालं काम!

श्रावणातल्या सोमवारीच जायचं ठरलं. बाबांना गर्दीच्या दिवशीच बघायचं होतं. गाड्या जास्त म्हणून. दर्शन घेतलं, कळसाला हात जोडले आणि निघालो. पुढं बाबा काठी घेऊन, मागं आई, तिच्या मागं मी, डबा आणि पाण्याची कॅन घेऊन. माझं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. एवढ्या उन्हात कळशी धरल्यागत कॅन धरून चढताना कुणी सासरकडचं बघायला नको, एवढीच मला काळजी.

पण ती वाट! मी आधी मैत्रिणींबरोबर गेले होते, तेव्हा आम्ही आचरटासारखं सरळ कड्यानं चढलो होतो आणि धापा टाकत बसलो होतो. बाबांसाठी म्हणून आम्ही वळणाची वाट धरली, तर चढतोय असं वाटतच नव्हतं. थोडं इकडं, थोडं तिकडं, दर वळणाला सागाची सावली. साग फुलला होता, खाली बारीक पांढरी फुलं पडली होती. गवत गुडघ्याला लागत होतं. अर्ध्या वाटेवर वळून बघितलं तर देवळाचा कळस आपल्या बरोबरीला आलेला. आईसुद्धा क्षणभर थांबली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "पाय दुखला म्हणून थांबले."

वरच्या वळणावर लमाण तांड्यावरची एक म्हातारी वाळकं, म्हणजे रानातल्या काकड्या, विकत बसली होती. अंगभर आरशांची चोळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आई टेकायला निमित्तच बघत होती. बाबा म्हणाले, "तुमी बसा. मी हळूहळू होतो पुढं. आता सपाटच हाय." खरंच सपाट होतं. आम्ही जाऊ दिलं.

"वाट चांगली हाय गं बाई," आई वाळूक खात म्हणाली.

"चांगली नसंल तर काय?" म्हातारी म्हणाली. "आमच्या आज्या-पणज्याच्या बैलायनं पाडली. पाठीवर मिठाची गोण असली की बैल कधी सरळ चढत न्हाई. त्यो आपली वाट आपण काढतो. अन् वर गेला की त्या खडकावर बसतो. म्हणून बैलबसणी." आणि मग आमच्या डोक्यावरून पलीकडं बघत तिनं विचारलं, "त्यो काठीवाला तुझाच नव्हं? कुटं चालला?"

आम्ही वळलो. बाबा खडकावर पोचले होते आणि थांबले नव्हते. सगळी माणसं खडकाच्या उजव्या अंगाला, झाडाखाली डबे सोडून बसली होती, त्यांची पाठ बाबांकडं. बाबा एकटे डाव्या अंगाला चालले होते, मान वर, चेहरा लांब रस्त्याकडं. कुठली तरी गाडी दिसली असणार. फुंकणीत गाडी होती आणि ते तिच्याकडं चालले होते. पुढं खडक संपत होता, खाली सरळ कडा. ते त्यांच्या फुंकणीत नव्हतं.

माझ्या हातातली कॅन पडली. पळून पोचणं शक्य नव्हतं. मी ओरडले, "बाबा! बाबा!" झाडाखालून एका भगव्या कफनीवाल्यानं मागं बघितलं आणि मला आशीर्वादाचा हात केला.

आई ओरडली, "अहो! अहोऽऽ!"

खडकावरचे जेवढे म्हणून लग्न झालेले पुरुष होते, तेवढ्यांनी माना वळवल्या. एक जण तर "काय गं, आलो" म्हणून उठलासुद्धा. वळले नाहीत ते फक्त आमचे बाबा. कसे वळणार? जन्मभर स्टँडवर 'अहो साहेब, अहो कंट्रोलर' ऐकून त्यांचा कान त्या शब्दाला मेला होता. घरी आईसुद्धा 'अहो' म्हणून दमायची आणि शेवटी ताटावर चमचा वाजवायची.

नावानं हाक मारायची तर मला सुचलंच नाही. बापाचं नाव तोंडात येतं कुठं आपल्या? आणि आईनं तर लग्न झाल्यापासून ते कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर मला पुढं ढकलायची. नाव यायचं ते फक्त हळदीकुंकवाला, उखाण्यात बांधून. तोही एकच उखाणा, लग्नातला. गल्लीतल्या बायका चिडवायच्या, नवा शिक म्हणून.

आईनं तोंड उघडलं. मी तिच्या गळ्याच्या शिरा बघितल्या. नाव वर येत होतं आणि दातांशी अडत होतं. आणि मग आख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात, रडत, ती ओरडली:

"नागनाथाच्या देवळी तेवती सांजवात...!"

देवा! मला वाटलं हिला वेड लागलं. तिकडं बाप कड्याकडं चाललाय आणि ही सांजवात लावतेय.

"...रावांचं नाव घेते, धरून त्यांचा हात!"

नाव मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे. पण त्या दिवशी ते समोरच्या डोंगरावर आपटून परत आलं.

बाबा थांबले. जिथं पाऊल उचललं होतं तिथंच मागं ठेवलं आणि वळले. उखाण्याची पहिली ओळ कानावर पडली की पुढं आपलं नाव येणार, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

झाडाखालच्या बायकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं नाव घ्यायचा खेळ सुरू झालाय. "अगं बाई, छान!" म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जिंतूरकडच्या एका बाईनं लगेच पदर सावरून आपला सुरू केला. तिचा उखाणा चालू असतानाच आई धावत बाबांपाशी पोचली आणि त्यांचा हात असा धरला की बाबा "अगं अगं" करायला लागले.

"इथं काहून नाव घ्यायलीस?" त्यांनी विचारलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

आईनं काठीनं पुढं ठोकून दाखवलं. दोन-तीनदा खडक वाजला, मग काठी हवेत गेली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मग आईच्या तोंडाचा पट्टा सुटला. जन्मापासूनचं सगळं काढलं तिनं. म्हातारी वाळकांची पाटी घेऊन तिथं आली, आईला म्हणाली, "बस कर आता. बैल बी इथंच येऊन बसायचे. बसव त्याला."

मग आम्ही बसलो, कड्यापासून चांगलं मागं. आईनं हात सोडला नाही.

काय दिसत होतं म्हणून सांगू! मी जग फार नाही बघितलं, पण लग्नानंतर दोन-चार थंड हवेची ठिकाणं बघून आले आणि तरी म्हणते, बैलबसणीवरून दिसतं तसं मला कुठं दिसलं नाही. खाली देऊळ काळंभोर, भिजलेलं. मुगाची, कापसाची हिरवी रानं, मधे नांगरलेली काळी. लांब धरणाच्या पाण्याची चकाकती रेघ. आणि सगळीकडून औंढ्यात येणारे रस्ते, त्यांवर आगपेटीएवढ्या लाल गाड्या. बाबा डोळे न मिटता बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसतही नव्हते, तेवढाही वेळ फुकट घालवायचा नव्हता त्यांना.

"ती वसमत," ते म्हणाले. "ती हिंगोली, लेट हाय. अन् ती बघ, ती जिंतूर, ड्रायव्हर नवीन दिसतो, वळणावर भितो." मग एकेका रस्त्यावरून नजर फिरवून म्हणाले, "बराबर चालल्यात गं सगळ्या. माझ्याबिगर बी बराबर चालल्यात."

आई म्हणाली, "चालतीलच की. तुमीच शिकवल्यात." तिच्या तोंडून असलं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

दोन हजार साल उलटल्यावर फुंकणी बंद झाली. बाबांनी त्याची फार तकलीफ दाखवली नाही. मी सासरहून, हिंगोलीहून आले की विचारायचे, कुठल्या गाडीनं आलीस, लेट होती का. एका हिवाळ्यात म्हणाले, बैलबसणीवर जाऊ. मला वाटलं आई ताट आपटणार. ती उठून चपला शोधायला लागली.

त्या दिवशी गर्दी नव्हती, म्हातारी नव्हती. गवत वाळून पिवळं झालं होतं. आई बैलांच्या वाटेनं पुढं चालली, तिचा हात बाबांच्या हातात. वर त्याच जागी दोघं बसले. आणि आई सांगायला लागली. "वसमत निघाली. हिंगोली येऊन राहिली, बराबर टायमावर. तिकडं ट्रकमागं एक अडकली, परभणी असंल." ज्या बाईला डोंगरावर नुसते दगड दिसायचे, ती न थांबता सांगत होती आणि बाबा मान हलवत होते, "व्हय, व्हय" म्हणत होते. मी मागं बसून डबा उघडायचं विसरले.

मग बाबा हसून म्हणाले, "आता घे की एकदा नाव. त्या दिवशी घेतलंस तसं."

"काहून?" आई म्हणाली. "हात धरलाय न्हवं तुमचा? त्या दिवशी लांब हुतात म्हणून घेतलं. नाव लांबच्या माणसाचं घ्यायचं असतंय."

त्यानंतर दोन पावसाळे बाबा होते.

आईला आता हळदीकुंकवाला कुणी उखाणा घ्यायला लावत नाही. परवा मी औंढ्याला गेले होते. संध्याकाळी मी आत भाजी चिरत होते आणि आई मागच्या दारात बसली होती, डोंगराकडं तोंड करून. सांजवात लावून झाली होती. तेवढ्यात तिनं नाव घेतलं. मागं-पुढं काही न जोडता, नुसतं नाव, चांगल्या खणखणीत आवाजात, डोंगरापर्यंत जाईल असं. मग थोडा वेळ थांबली, आणि परत एकदा घेतलं.