एक्स-रेमधला ताईत

चाकण पट्ट्यातील एका ठाण्यात असताना आलेली ती तक्रार मला आजही लख्ख आठवते. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदार एका बाईंना समजावत होते की, मुलाला दवाखान्यात ठेवायचे की नाही हे डॉक्टर ठरवतात, पोलीस नव्हे. बाई हलेनात. मी त्यांना आत बोलावले.

मूळच्या मराठवाड्यातल्या, कुरुळीत भाड्याने राहणाऱ्या. नवरा कंपनीत. तीन वर्षांच्या मुलीला सर्दी झाली म्हणून एका खासगी बालरुग्णालयात नेले, तर न्यूमोनिया सांगून दाखल करून घेतले. आता अतिदक्षता विभागात हलवणार होते. घरी नेली तर कंपनीचा विमा मिळणार नाही, अशी तंबीही दिली होती.

"साहेब, पोरगी कॉटवर उड्या मारायलीय, खिचडी मागायलीय. तिला सुया टोचून टोचून मारतेत का काय?"

नुसत्या संशयावर गुन्हा दाखल होत नाही, पण चौकशीला हरकत नसते. मी त्यांच्यासोबत गेलो. डॉक्टर शांत होते.

"तुम्ही चोर पकडा, निदान माझ्यावर सोडा," असे म्हणत त्यांनी मुलीच्या नावाचा एक्स-रे दिव्यावर लावला. छातीत पांढरा डाग होता. मला त्यातले काय कळणार? बाई मात्र जवळ गेल्या आणि त्यांनी गळ्याजवळच्या एका लांबट, तिरक्या ठिपक्यावर बोट ठेवले.

"हे काय?"

"ताईत असेल."

"आम्ही बौद्ध आहोत, डॉक्टरसाहेब. आमच्या घरात ताईत बांधत न्हाईत."

डॉक्टरांनी घाईने दिवा बंद केला.

मी दोन पंच बोलावले आणि वॉर्डातील सर्व मुलांचे एक्स-रे पंचनामा करून ताब्यात घेतले. ओळीने लावले, तर त्यातल्या बऱ्याच मुलांच्या गळ्यात तोच ताईत, त्याच जागी, तसाच तिरका.

एक्स-रे काढणाऱ्या कर्मचाऱ्याला ठाण्यात आणले. आवाज चढवला नाही. घाबरलेला माणूस ओरडल्यावर आणखी खोटे बोलतो. चहा दिला आणि एकच विचारले, "हा ताईत कुणाचा?" त्याने कप खाली ठेवला. मग बोलू लागला. मागे खरोखर न्यूमोनिया झालेले एक मूल आले होते. आजीने ताईत काढू दिला नाही, म्हणून तसाच एक्स-रे काढला. पुढे सरांच्या सांगण्यावरून संगणकावर नाव बदलून तोच छापला जाई. विम्याची रक्कम मिळत राही. "ते पोरगं तेवढं बरं झालं, साहेब," तो म्हणाला. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला. डॉक्टरांना अटक झाली.

सरकारी रुग्णालयात वॉर्डातील सर्व मुलांची तपासणी करून घेतली. या मुलीची छाती स्वच्छ निघाली. मायलेकी जबाबासाठी ठाण्यात आल्या, तिथे नवरा शिफ्ट सुटताच कंपनीच्या कपड्यांवरच धावत आला आणि धापा टाकत म्हणाला, "बरी झाली का गं?"

"आजारी कधी होती?" बाई म्हणाल्या. आमचे ठाणे अंमलदारसुद्धा हसले.

डॉक्टरांनी बहुतेक घरांच्या रीती पाहिल्या आणि ते सगळी घरे तशीच धरून चालले. आम्हा पोलिसांनाही ती खोड असतेच. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, कोणाच्याही घराबद्दल काही गृहीत धरण्याआधी मी त्या घरातल्या बाईला विचारत आलो. तपास सोपा झाला, आणि चहाही बरा मिळू लागला.