दाजींचा जीपचा कार्बुरेटर

आमच्या यशया दाजींच्या मते जगातल्या कुठल्याही दुखण्यावर जीपचा भाग लागू पडतो. पाथर्डीत त्यांनी उभी हयात जीपा दुरुस्त करण्यात घालवली. त्यांची मुलं मार्गी लागल्यावर मी त्यांना आणि माझ्या मरियाअक्काला भंडारदऱ्याला बोलावून घेतलं आणि आम्ही भागीत एक जुनी पेट्रोलची बोट घेतली. पर्यटक बसले, गावातल्या म्हाताऱ्या बसल्या. बसली नाही ती फक्त अक्का. कोरड्या मुलखातली बाई. तिला विहिरीत डोकावायचीसुद्धा भीती. दाजी रोज विचारायचे, ती रोज "उद्या" म्हणायची. दाजींना ते फार लागायचं.

यंदा बोटीचा कार्बुरेटर गेला. बोटीचाच नवा मागवू, असं मी म्हणालो, तर दाजी भडकले.

"रॉबिन, पेट्रोल अन् हवाच मिसळायची ना? त्याला पान्यातला काय अन् रस्त्यावरला काय! तुझ्या बहिनीला लगीन करून ज्या जीपमधी आनली, तिचा कार्बुरेटर हाय माझ्याकडं."

मेहुण्याचं ऐकतो कोण! मी चिडून नवा मागवलाच. दाजींनी मात्र आपलंच घोडं पुढे दामटलं. जुना बसवला, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. ती जीप अक्काची फार लाडकी. तिचा भाग बसवलाय म्हटल्यावर बाई विरघळली. दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून, प्रार्थना पुटपुटत बोटीत जाऊन बसली. दाजींचा चेहरा इतका फुललेला मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

चावी फिरवण्याआधी त्यांनी सवयीनं इंजिनावरचं झाकण उचललं. पेट्रोलचा भपकारा आला. आदल्या दिवशी इंजिन चालवून पाहताना कार्बुरेटर भरून पेट्रोल बाहेर सांडलं होतं. जीपमध्ये असं पेट्रोल रस्त्यावर पडतं, वाफ वाऱ्यावर जाते. बोटीला खालून वाट कुठली? सगळं तळाशी साचलेलं, एका ठिणगीची खोटी. बोटीच्या कार्बुरेटरमध्ये जादा पेट्रोल इंजिनाच्याच पोटात जातं, म्हणून तर तो वेगळा करतात.

दाजी चावी धरून तसेच उभे. आज उतरवली तर ही पुन्हा पाण्याकडे फिरकायची नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"मरिया, उतर," ते म्हणाले. "माझं चुकलं. ह्यात तुला न्हाई बसवायचो."

अक्का उतरली. दाजी त्या दिवशी जेवले नाहीत, आणि मलाही त्यांना टोमणा मारवला नाही.

नवा कार्बुरेटर आला. दाजींनी तळ धुऊन कोरडा केला, तो बसवला, दोन-चार फेऱ्या मारून पाहिल्या. अक्काला विचारायचं धाडस काही त्यांना होईना. शेवटी तीच काठाशी आली.

"भ्या न्हाई वाटत?" दाजींनी विचारलं.

"लई वाटतंय. पर तुमी मला उतरवलं ना, म्हनून बसते. धरा हात."