व्याहाडच्या नाक्यावर आलेली हाक

मी आज जो काही आहे तो डोमाजीभाऊंमुळे. ते आमचे शेजारी, गाडीवान. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं... दर सुट्टीनंतर तेच मला त्यांच्या रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसवून मूलच्या स्टेशनावर सोडत. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, हे आधी सांगतो.

छप्पन सालचा मार्च. नागपूरला बी.ए.चा पहिला पेपर दोन दिवसांवर आलेला. डोमाजीभाऊ पाय मोडून घरी पडलेले, म्हणून एकटाच निघालो. डोंग्यानं वैनगंगा ओलांडून दुपारी व्याहाडच्या नाक्यावर आलो. मूलची प्रवासी मोटार आलीच नाही! तेवढ्यात एक ट्रक थांबला. वाटेत जंगलात बांबू भरून तो मूलला जाणार होता. ट्रंक वर टाकली, पायरीवर पाय ठेवला, अन्‌ मागून डोमाजीभाऊंचा आवाज —

"सदू, उतर!"

एकदाच. मी "ओ" म्हणून ट्रंकेसकट खाली. मागे रस्ता मोकळा...

"काऊन बे, बायको बोलावून राह्यली का?" ड्रायव्हर हसला आणि निघून गेला.

मी रडकुंडीला आलो. संध्याकाळी धानाची एक बैलगाडी मूलला जाताना भेटली. स्टेशनावर सकाळची छोटी रेल्वेगाडी जेमतेम मिळाली. तो ट्रक मात्र जंगलात आस तुटून दोन दिवस पडून होता, हे मागाहून कळलं. वाघाच्या भीतीनं माणसं खाली उतरली नाहीत म्हणे. माझा पेपर बुडालाच असता.

उन्हाळ्यात घरी गेल्यावर डोमाजीभाऊंना विचारलं.

"मी त खाटेवर होतो. कितीकदा आयकू आली हाक?"

"एकदा."

"अन्‌ तू ओ देल्ली? एका हाकेले ओ देत नाई, मानूस असंल त पुन्हा बोलावते! येवढा शिकला, अन्‌ इतकं समजत नाई तुले?"

ते खरंच घाबरले होते. माझ्यावरून मीठ-मिरची ओवाळून टाकली. हाक कोणाची, हे मला आजतागायत कळलेलं नाही. निकाल लागला त्या दिवशी त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं —

"ती. डोमाजीभाऊंस सा. न.

मी पास झालो. हे पत्र गुरुजींकडून वाचून घ्या. खाली माझ्या नावापुढे दोन अक्षरं जास्त आहेत, ती गुरुजींना बोट ठेवून दाखवायला सांगा. ती आधी तुम्ही बघा, मग बाबांना दाखवा. पायाला जपा.

तुमचा,
सदाशिव, बी.ए."